पितळी कर्णा उतरवल्यावर

आत्याच्या सासरचा, नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडायचे ठरले, तेव्हा घरातल्या वस्तूंची वाटणी होऊन शिसवी कपाट, पलंग आणि तांब्याची घंगाळी ज्याच्या त्याच्याकडे गेली आणि ग्रामोफोन माझ्याकडे आला. तो मागायला दुसरे कोणी पुढे आले नाही, कारण तो वाजत नव्हता. दिसायला मात्र मोठा डौलदार होता. दिवाणखान्यातल्या कोनाड्यात त्याचा पितळी कर्णा असा झळकत असे, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडे बघे, तो किती जुना आहे असे विचारी, आणि आत्या "शंभर वर्षांचा" असे अभिमानाने सांगे. दोन वर्षे त्या यंत्रावर काम केल्यानंतर माझ्या लक्षात आले, की ज्याचे कौतुक सगळ्यांनी केले तो कर्णा हाच त्यातला सर्वांत नवा भाग होता, आणि जे खरोखर शंभर वर्षांचे होते त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

पहिली शंका आली ती कर्ण्यामुळे नव्हे, तर एका पाटीमुळे. पेटीच्या दर्शनी बाजूस कुत्रा आणि भोंगा यांचे चित्र असलेली पितळी पाटी होती आणि ती चार स्क्रूंनी बसवलेली होती. त्या स्क्रूंच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच होती. हार्डवेअरच्या दुकानात ज्याला स्टार म्हणतात तो हा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे वापरात रुळला. त्याआधीच्या यंत्रात सरळ एकेरी खाचेचेच स्क्रू असायला हवेत. मी पाटी काढली. एखादी पाटी लाकडावर ऐंशी-नव्वद वर्षे राहिली, तर तिच्याखालचे लाकूड उजेडापासून आणि धुळीपासून वाचते आणि त्याचा रंग भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळा राहतो, हे जुन्या भिंतीवरची तसबीर उतरवलेल्या कोणालाही ठाऊक आहे. इथे पाटीखालचे लाकूड आणि बाजूचे लाकूड अगदी सारखे होते. म्हणजे पाटी नुकतीच केव्हातरी लावलेली. मग मी कर्ण्याकडे वळलो.

कर्ण्याच्या पाकळ्यांचे जोड आतून बोट फिरवून पाहिले, तर झाळकामाचे खडबडीत गोळे हाताला लागत होते. कर्णा आणि यंत्र यांना जोडणारे कोपर ओतीव पितळेचे, जड, दोन अर्धे एकत्र करून घासलेले होते आणि त्याचा आतला वळसा इतका तीक्ष्ण होता, की त्यातून हवेला वळायला जागाच नव्हती. त्याचे तोंड मागच्या बिडाच्या आधारात नीट बसत नव्हते, म्हणून तिथे इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिलेले होते. आत्याला विचारले, तेव्हा जरा आढेवेढे घेऊन तिने सांगितले, की १९९५ च्या सुमारास तिच्या यजमानांनी ते यंत्र एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे दुरुस्तीला दिले होते. कर्णा फुटका आहे असे सांगून त्याने हा नवा बसवून दिला आणि जुना परत केला नाही. आपल्याकडे असे कर्णे आजही बनतात आणि बैठकीच्या शोभेसाठी विकले जातात. शोभेची वस्तू म्हणून त्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांना जुने म्हणण्याला.

इथे एक खुलासा करणे योग्य ठरेल. पितळी कर्णे जुन्या काळी नव्हतेच असे मुळीच नाही. सुरुवातीच्या यंत्रांना काळ्या पत्र्याचा निमुळता कर्णा आणि त्याला पितळी तोंड असे, आणि ध्वनिपेटी, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचा आवाज करणारी डबी, थेट कर्ण्याच्या टोकाला जोडलेली असे, म्हणजे कर्ण्याचा बराचसा भार रेकॉर्डवरच येत असे. १९०३ च्या सुमारास निमुळती पोकळ भुजा आली. तिच्या एका टोकाला ध्वनिपेटी आणि दुसऱ्या टोकाला, यंत्रामागच्या आधारावर, कर्णा अशी रचना झाल्यावर कर्ण्याचे वजन रेकॉर्डवरून उतरले आणि कर्णे मोठे, पाकळ्यांचे, घंटाफुलासारखे होऊ लागले. आमच्या यंत्राला ही निमुळती भुजा होती, तिचा निकेल जागोजागी उडालेला असला तरी ती मूळची होती, आणि बिडाचा आधारही मूळचा होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे, अंदाजे १९१० च्या आसपासचे हे यंत्र असावे असे मी त्यावरून धरून चाललो. भारतात या कंपनीचा माणूस, फ्रेड गायसबर्ग, १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गाणी मुद्रित करत होता. तिथेच गायिका गौहरजानचा आवाज प्रथम तबकडीवर उतरला. आणि १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कंपनीचा तबकड्यांचा कारखानाही उभा राहिला. तेव्हा असे एखादे यंत्र १९१० नंतर महालातल्या वाड्यात येऊन पडावे, यात अशक्य काहीच नव्हते.

कर्णा काढला, तेव्हा आत्या मनापासून नाराज झाली. "अरे, एवढा देखणा कर्णा काढून टाकतोस? मग त्यात उरलं काय?" तिचे म्हणणे खोटे नव्हते, उरले होते ते दिसायला गरीबच होते. पेटीवर कोणीतरी चकचकीत व्हार्निश थापले होते, ध्वनिपेटी दुसऱ्याच कुठल्यातरी १९३० च्या दशकातल्या सुटकेसवजा ग्रामोफोनची होती, आणि चावी फिरवली की आतून एक जोरदार 'धप्प' असा आवाज होऊन सारे शांत होई.

त्या 'धप्प'पासूनच सुरुवात केली. आमच्या गल्लीत मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. नॅरोगेजची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत. त्यांना यंत्र दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आत डोकावले आणि पहिले वाक्य म्हटले ते असे: "आधी कमान मोकळी कर बाप्पा, मग पेचाले हात लाव." ग्रामोफोनला वीज लागत नाही, त्याची सारी ताकद एका गोल डब्यात गुंडाळलेल्या पोलादी पट्टीत, म्हणजे कमानीत असते, आणि ती पट्टी भरलेली असताना कोणी डबा उघडला, तर ती सापासारखी उसळून बाहेर येते आणि बोट कापते. म्हणून ब्रेक सोडून, थाळी फिरू देऊन, कमान पूर्ण उतरली याची खात्री झाल्यावरच आम्ही मोटर पेटीतून वेगळी केली.

डबा उघडला, तेव्हा आत ग्रीस नव्हते; डांबरासारखा काळा, वाळलेला थर होता. त्या थराने कमानीचे वेढे एकमेकांना चिकटत, ताण वाढला की एकदम सुटत, आणि तोच 'धप्प' आवाज होई. जाड हातमोजे घालून, डबा जमिनीवर ठेवून, काकांनी पट्टीचा मधला वेढा पकडीने धरला आणि एकेक वेढा हळूहळू बाहेर सोडत आणला, शेवटचे दोन वेढे मात्र हातातून निसटले आणि शेजारच्या बादलीवर इतक्या जोरात आदळले, की आतून काकूंनी "काय फुटलं?" म्हणून विचारले. पट्टी सुमारे २५ मिलिमीटर रुंद आणि तीन मीटरच्या जवळपास लांब भरली. रॉकेलमध्ये धुऊन पाहिली, तेव्हा ती सगळीकडे निरोगी होती. फक्त आतले टोक, जे मधल्या दांड्याच्या आकड्यात अडकते, तिथले भोक फाटून गेले होते.

इथे पहिला खरा प्रश्न उभा राहिला. नवी कमान मिळते. परदेशात जुन्या मापांच्या कमानी आजही बनवल्या जातात आणि त्या उत्तम असतात. मूळ कमान ठेवायची असेल, तर फाटलेले टोक कापून नवे भोक पाडावे लागते, आणि कडक पोलादात ते पडत नाही. काकांनी यावर जुना उपाय सांगितला. पट्टीचे टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर तेवढे लाल करायचे, बाकीच्या भागाला ओला कपडा गुंडाळून ठेवायचा आणि टोक आपोआप सावकाश थंड होऊ द्यायचे, म्हणजे तेवढ्या भागापुरते पोलादाचे पाणी उतरते आणि ते मऊ होते. मग पंचाने भोक पाडून ते कानशीने थेंबाच्या आकाराचे केले, कारण गोल भोकाच्या कडेवर ताण एका ठिकाणी साचतो आणि तिथूनच पुन्हा चीर जाते. मऊ झालेले टोक दांड्याच्या गोलाईत बसेल असे वाकवले. या सगळ्यात कमान पाचेक सेंटिमीटरने आखूड झाली, म्हणजे एका चावीत काही सेकंदांचे वाजणे कमी झाले. मला तो सौदा मान्य होता. पेट्रोलियम जेलीत ग्रॅफाइटची भुकटी कालवून केलेले वंगण लावून कमान परत डब्यात बसवायला आम्हा दोघांना एक अख्खी दुपार लागली.

मोटरचे बाकीचे काम तुलनेने सोपे होते, एक अपवाद वगळता. मोटर ज्या पट्टीवर बसते, तिचे दोन स्क्रू मधल्या काळात कोणीतरी बदललेले होते आणि ते जबरदस्तीने पिळून बसवलेले होते. इंग्लंडातल्या या यंत्रांत ब्रिटिश असोसिएशनच्या मापाचे, थोडक्यात बीए, आटे असतात. २ बीए स्क्रूचा व्यास ४.७ मिलिमीटर आणि आट्यांतले अंतर ०.८१ मिलिमीटर, आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ५ मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचे अंतर ०.८ मिलिमीटर. माप इतके जवळचे आहे, की जोर केला की मेट्रिक स्क्रू आत जातो आणि जाता जाता मूळचे आटे मारून टाकतो. सीताबर्डीतल्या एका दुकानात मी "बीए आहे का?" असे विचारले, तेव्हा काउंटरमागच्या तरुणाने "नाही जी, बीकॉम" असे उत्तर दिले, ते विनोदाने की गांभीर्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटी बीएचे स्क्रू इंग्लंडातून टपालाने मागवावे लागले, आणि ज्या भोकांचे आटे मेले होते तिथे लेथवाल्याकडून पितळेची भरणी करून, त्यात नव्याने बीएचा टॅप मारून घेतला.

गव्हर्नर हा या यंत्रातला मला सर्वांत आवडलेला भाग. एका फिरणाऱ्या दांड्याभोवती तीन पातळ पोलादी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एकेक वजन, अशी त्याची रचना असते. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या फुगतात, त्यांच्या टोकाची चकती दांड्यावरून सरकत येते आणि तेलात भिजवलेल्या चामड्याच्या तुकड्याला घासू लागते. घर्षणाने वेग उतरतो, वजने आत येतात, चकती मागे जाते. वेग कमीजास्त करण्याची जी कळ पेटीवर असते, ती केवळ हा चामड्याचा तुकडा पुढेमागे करते. आमच्या यंत्रात तीनपैकी एक पट्टी तुटलेली होती, म्हणून गाणे वाजले असते तरी ते हेलकावे खात वाजले असते. तिन्ही पट्ट्या सारख्या जाडीच्या लागतात, एकच बदलून भागत नाही. म्हणून तिन्ही नव्या घेतल्या. जुन्या दोन एका पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवल्या आहेत. चामडे मात्र चपलेच्या कारागिराकडून घेतले, आणि त्याला ते कशासाठी हवे आहे हे सांगितल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत.

वेग नेमका आहे की नाही, हे बघायला घड्याळ लावून फेऱ्या मोजण्याची गरज नसते. कागदाच्या चकतीवर कडेला ७७ काळ्या रेघा समान अंतराने छापायच्या, ती थाळीवर ठेवायची आणि घरच्या विजेच्या ट्यूबलाइटखाली फिरवायची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६,००० वेळा लुकलुकतो. ६,००० ला ७७ ने भागले की ७७.९२ येतात, म्हणजे या तबकड्यांना लागणाऱ्या मिनिटाला ७८ फेऱ्याच जवळपास. थाळी त्या वेगाने फिरू लागली, की रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. पुढे सरकू लागल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. पहिल्यांदा त्या थांबलेल्या दिसल्या, तेव्हा मी आत्याला हाक मारली. तिने येऊन पाहिले आणि "हे तर बंदच आहे," असे म्हटले.

ध्वनिपेटीबाबत मी मुळीच तडजोड केली नाही. यंत्रासोबत जी आली होती तिचा पडदा ॲल्युमिनियमचा होता आणि कवच जस्ताच्या मिश्रधातूचे; जुन्या ओतकामात शिशासारखी अशुद्धी राहून गेली, की असा धातू काही दशकांनी आतून फुगतो आणि भेगाळतो, तसे तिचे झाले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कंपनीच्या यंत्रांवर 'एक्झिबिशन' नावाची ध्वनिपेटी असे आणि तिचा पडदा अभ्रकाचा असे. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, मला अशा तीन दाखवण्यात आल्या. त्यांतल्या दोन नव्याने ओतलेल्या होत्या; अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत होत्या. तिसरीची अक्षरे धारदार होती, अभ्रक कडेला जरासे पापुद्रे सुटलेले पण अखंड होते, आणि विक्रेत्याला ती त्या तिघींत सर्वांत मळकी म्हणून सर्वांत स्वस्त वाटत होती.

तिची जुळणी करायला मला मोटरपेक्षा जास्त वेळ लागला, हे सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. अभ्रकाची चकती कॅरमच्या स्ट्रायकरहून जराशी मोठी. तिच्या दोन्ही अंगांना रबराच्या बारीक नळीचे कडे असते, आणि त्या दोन कड्यांमध्ये ती जणू तरंगत असते. शंभर वर्षांत ते रबर वाळून खडूसारखे झाले होते. नखाने टोकरले तर भुगा पडत होता. जुने रबर टाकण्यावाचून इलाज नव्हता, तिथे मूळ जपण्याचा हट्ट चालत नाही. पांढऱ्या मऊ नळीची नवी कडी कापून बसवली. दोन टोके एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत, फट राहिली तर तिथून हवा गळते, जास्त झाली तर चकती दाबली जाते. मग सुई धरणारा दांडा. त्याचे वरचे टोक अभ्रकाच्या मध्याला एका चिमुकल्या स्क्रूने जोडलेले असते, आणि खाली दोन बाजूंच्या स्प्रिंगांच्या ताणावर तो डोलत असतो. हा ताण असा जुळवायचा, की स्क्रू लावण्याआधी दांड्याचे टोक अभ्रकाला जेमतेम टेकलेले असावे. त्याने चकतीला ढकलता कामा नये की ओढताही कामा नये. दोन वेळा मला वाटले जमले, आणि दोन्ही वेळा आवाजात पत्रा वाजल्यासारखी खरखर आली. तिसऱ्यांदा रात्री साडेअकराला, घरातले पंखे बंद करून, भिंगातून बघत जुळवले. स्क्रूभोवती मधमाशांच्या मेणाचा एक थेंब सोडला, म्हणजे तिथल्या भोकातून हवा जात नाही.

अभ्रकाचे एक मला मोठे गमतीचे वाटते. कोडरमा आणि नेल्लोर ही आपल्याकडची अभ्रकाची क्षेत्रे जगभर नावाजलेली होती, आणि तबकडी ज्या लाखेची बनत असे ती लाखही मुख्यतः इथल्याच पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरची. माझ्या ध्वनिपेटीतले अभ्रक कुठल्या खाणीतले ते कोणी सांगावे. पण ग्रामोफोनला निव्वळ विलायती यंत्र म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

निकेलच्या कामाने मात्र मला मनस्ताप दिला. चावीचा दांडा गंजून पार काळा पडला होता, म्हणून तो शहरातल्या एका मुलामेवाल्याकडे दिला आणि निकेल हवे आहे असे दोनदा सांगितले. आठ दिवसांनी त्याने तो परत दिला, तो आरशासारखा लखलखीत, निळसर झाक असलेला. त्याने निकेलवर क्रोम चढवले होते, आणि हे जास्त टिकते म्हणून जादा पैसे न घेता केले आहे, असे तो आपुलकीने सांगत होता. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर्रास झाला. निकेलची झाक उबदार, किंचित पिवळसर असते. दोन्ही शेजारी ठेवले, तर लहान मुलालाही फरक दिसतो. त्याहून वाईट हे, की घासताना दांड्याच्या कडा गोल झाल्या होत्या. क्रोम उतरवून पुन्हा नुसते निकेल करून घेतले, पण गेलेल्या कडा परत येत नाहीत. त्यानंतर निमुळत्या भुजेला मी कोणाचाही हात लागू दिला नाही. तिचा निकेल जिथे उडाला आहे तिथे तो उडालेलाच आहे.

आता कर्णा. वर्षभर मी नुसते विचारत फिरत होतो. शेवटी तो मिळाला कामठीला, एका भंगाराच्या दुकानात, छताला उलटा टांगलेला आणि त्यात सायकलच्या जुन्या ट्यूब भरलेल्या. दुकानदाराच्या मते तो लग्नाच्या बँडमधल्या कुठल्यातरी वाद्याचा भोंगा होता, आणि त्याने तो किलोच्या भावाने दिला. पोलादी पत्र्याचा, पाकळ्यांचा, एका पाकळीला पोचा आलेला. त्यावर रुपेरी ऑइलपेंटचा जाड थर होता. एका कोपऱ्यात, सुरीच्या बोथट पाठीने, टवका टवका करून तो थर उचलला, तेव्हा खाली गडद तपकिरी-लाल रंग निघाला आणि पाकळीच्या मध्यावर एक केसासारखी सोनेरी रेघ. सगळा वरचा रंग तसाच काढायला तीन महिने लागले, कारण रसायन वापरले असते तर खालचा रंगही गेला असता. पोचा आतून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन जेवढा निघाला तेवढा काढला. जिथे मूळ रंग उरला नाही तिथे नवा भरला नाही. गंज थांबवून, सगळ्यावर मेण चढवले.

कोपर मात्र शेवटपर्यंत मिळाले नाही. म्हणून ते नव्याने बनवून घेतले, भंडाऱ्याच्या एका तांबटाकडून. पितळेच्या कामासाठी भंडारा प्रसिद्ध आहे, तरी या वस्तूचे काम त्यांनी आधी कधी केलेले नव्हते. मी त्यांना कागदाचा साचा करून दिला होता: भुजेच्या तोंडापासून कर्ण्याच्या मानेपर्यंत नळीचा व्यास सतत वाढत गेला पाहिजे, कुठेही आवळता कामा नये, वळसा मोठा हवा आणि जोडातून हवा गळता कामा नये. गळती झाली, की गाण्यातला खर्ज आधी जातो. त्यांनी पातळ पत्रा दोन अर्ध्यांत ठोकून, राळ भरून, वाकवून, झाळून दिला. आतून बोट फिरवले तर जोड कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूस मी त्यांना करण्याचे वर्ष, २०२३, कोरायला लावले. हा भाग नवा आहे आणि पुढे कोणी ते उघडले तर त्याला तो शंभर वर्षांचा वाटू नये.

पेटीच्या बाबतीत आत्याचा आणखी एक समज मोडावा लागला. ती सागवानी आहे असे घरात सगळे धरून होते. व्हार्निश काढल्यावर फळीवर आडवे चंदेरी पट्टे दिसले, ते ओक या विलायती लाकडाचे. फक्त तळाची फळी खरोखर सागवानी निघाली. हाताच्या रंध्याच्या खुणा तिच्यावर आहेत आणि ती घरच्या सुताराने केव्हातरी मूळ फळी वाळवीने खाल्ल्यावर बसवली असावी. ती मी तशीच ठेवली. माझ्या एका मित्राने यावर मला कोंडीत पकडले: कर्णा मूळचा नाही म्हणून काढलास, मग फळी का ठेवलीस? मला त्याचे उत्तर असे सुचले, की फळी बसवणाऱ्याला यंत्र वाजत राहायला हवे होते आणि ते त्याच्या फळीवर पुढे वाजलेही. पितळी कर्णा बसवणाऱ्याला ते फक्त दिसायला हवे होते, आणि त्याच्या कोपरातून आवाज बाहेर येऊच शकत नव्हता. मित्राचे पूर्ण समाधान झाले नाही.

पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले. नागपुरात हे काम केव्हा करायचे याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो, तेव्हा बोळा फिरवताफिरवता स्पिरिट उडून जाते आणि रेघोट्या राहतात. पावसाळ्यात दमटपणामुळे पृष्ठभाग दुधाळ होतो. मी डिसेंबर-जानेवारीत, सकाळचे ऊन आल्यावर, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ थर देत गेलो. हेच स्पिरिट तबकड्यांजवळ मात्र फिरकू द्यायचे नाही, कारण तबकडीही लाखेचीच. तिला स्पिरिटने पुसणे म्हणजे तिला विरघळवणे. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यातही यंत्र ठेवत नाही. कूलरने माणसाला बरे वाटते, पोलादाला नाही.

पहिल्यांदा वाजवली ती बाल गंधर्वांची एक तबकडी, कडेला टवका उडालेली, म्हणजे बिघडली तरी फार दुःख नको. पिन, म्हणजे सुई, नवी घातली. एका बाजूला एक पिन, हा नियम कंजूषपणाने मोडणाऱ्यांनी अनेक चांगल्या तबकड्या नासवल्या आहेत: तबकडीच्या लाखेत दगडाची बारीक भुकटी असते, तीच पिनेचे टोक झिजवून खाचेच्या आकाराचे करते, आणि तीन मिनिटांनंतर त्या टोकाला छिन्नीसारख्या कडा येतात. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भार असलेली ध्वनिपेटी ती छिन्नी पुढच्या तबकडीत ओढत नेते. याच कारणाने अलीकडच्या विनाइल रेकॉर्डी या यंत्रावर कधीही लावू नयेत. एका फेरीतच त्यांची वाट लागते.

कर्ण्यातून आधी खरखर आली, मग ऑर्गन, मग आवाज. तो खोलीभर होता, आणि शेजारच्या स्वयंपाकघरातही स्पष्ट ऐकू येत होता, हे आत्याने तिथूनच सांगितले. ती बाहेर येऊन बसली. शेवटच्या ओळींना आखूड झालेल्या कमानीने किंचित दम सोडला आणि सूर अर्ध्या स्वराने उतरू लागला, तेव्हा मी घाईने चावीला चार वेढे दिले. आता वाजत असतानाच मध्यावर चार वेढे द्यायची सवय झाली आहे.

पितळी कर्णा आत्याने तिच्या नव्या फ्लॅटमध्ये नेला. तो भिंतीवर आडवा लावला आहे, त्यात कापडी फुले आहेत, आणि दर दिवाळीला ती तो चिंचेने घासते. पाहुणे त्याचे वय अजून विचारतात. माझ्याकडच्या यंत्राचे एक काम राहिले आहे: थाळी थांबवणारा ब्रेकचा दांडा मूळचा नाही, वाकवलेल्या तारेचा आहे, आणि त्या आकाराचा जुना दांडा मला अजून सापडलेला नाही. तोवर गाणे संपले, की थाळीच्या कडेला बोट टेकवतो.